गंजमीमांसा : बुलढाणा जिल्ह्यातील तवाविषयक मलाचे स्वरूप, वर्गीकरण आणि चिकित्सा

शास्त्रारंभी अनुबंधचतुष्टय सांगण्याची परंपरा आहे. ते सांगितल्यावाचून ग्रंथास अधिकार येत नाही. प्रस्तुत शास्त्राचा विषय : लोखंडाच्या व बिडाच्या स्वयंपाकभांड्यांवर, मुख्यत्वे तव्यावर, उद्भवणारा गंज. प्रयोजन : त्याची निवृत्ती आणि निवृत्तीनंतर त्याच्या पुनरागमनास विलंब. आत्यंतिक निवृत्ती हेच प्रयोजन मानणारेही आचार्य आहेत, परंतु त्यांच्या घरी बहुधा नॉनस्टिक तवा आढळतो. अधिकारी : ज्याच्या घरी असा तवा आहे आणि जो तो स्वतः धुतो. केवळ त्यावरची भाकर खाणारा हा या शास्त्राचा अधिकारी नव्हे. त्याने हे प्रकरण वाचले तरी त्यास फलप्राप्ती होणार नाही. संबंध : प्रतिपाद्य-प्रतिपादक. विदर्भात गंज या नावाचे एक मोठे पातेलेही असते. ते या ग्रंथात येणार नाही.

क्षेत्र म्हणून बुलढाणा जिल्ह्याची निवड का केली, याचे समर्थन आवश्यक आहे. या जिल्ह्याचे तेरा तालुके अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे घाटावर आणि घाटाखाली अशा दोन भागांत विभागले गेले आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा हे घाटावर; मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखाली. हवा निराळी, पाणी निराळे, म्हणून गंजही निराळा. एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या अखत्यारीत गंजाच्या दोन स्वतंत्र परंपरा नांदाव्यात, ही अभ्यासकाच्या दृष्टीने पर्वणीच होय.

द्रव्यविचार

पूर्वसूरींनी लोहाचा विचार केलेला आहे, तव्याचा केलेला नाही. रसरत्नसमुच्चयात मुंड, तीक्ष्ण व कान्त असे लोहाचे तीन वर्ग सांगितले आहेत. मुंडाचे मृदु, कुंठ व कडार असे तीन, तीक्ष्णाचे सहा आणि कान्ताचे भ्रामक, चुंबक, कर्षक, द्रावक व रोमक असे पाच पोटभेद. एकूण चौदा. या चौदांपैकी नेमके कोणते लोह भाकरीस योग्य, याविषयी ग्रंथ संपूर्ण मौन पाळतो. रसाचार्यांना पारा बांधण्याची चिंता होती. त्यांचे जेवण कोण करीत असे, ही बाब त्यांनी नोंदवण्याजोगी मानलेली दिसत नाही. ती उणीव पुढील वर्गीकरणाने भरून निघावी.

१. घडीव लोह. लोहाराने वा घिसाड्याने ठोकून केलेला, अथवा पत्रा दाबून केलेला तवा. यात कार्बन अत्यल्प असतो. म्हणून हा वाकतो, मध्यभागी खोलगट होतो, फेकला असता आवाज करतो, पण फुटत नाही.

२. ओतीव लोह, म्हणजेच बीड. यात कार्बन सुमारे २ ते ४ टक्के असतो. हा जड, संथ आणि अभिमानी असतो. उशिरा तापतो, उशिरा निवतो, कधीही वाकत नाही. तापलेला असताना त्यावर गार पाणी ओतले तर मात्र तडकतो. तापल्या तव्यावर पाणी टाकणे अशुभ, अशी समजूत अनेक घरांत आहे. बिडाच्या बाबतीत ती समजूत पदार्थविज्ञानाशी पूर्णतः सुसंगत आहे, आणि अशुभ नेमके कोणाचे, हेही त्यात स्पष्ट होते.

३. वारसालोह. आजेसासूकडून आलेला तवा. याच्या मूळ धातूचे प्रत्यक्ष दर्शन गेल्या दोन पिढ्यांत कोणासही झालेले नाही, कारण त्यावर करपलेले पीठ, तेल व काजळी यांचा अखंड थर आहे. येथे प्रत्यक्षप्रमाण चालत नाही. धुरावरून जसा अग्नी, तसा भाकरीवरून तवा अनुमानाने मान्य करावा लागतो.

उत्पत्ती आणि कर्तृत्ववाद

तर्कशास्त्राच्या रीतीने प्रत्येक कार्यास तीन कारणे असतात. गंजाचे समवायी कारण लोखंड. असमवायी कारण लोखंडाचा प्राणवायूशी संयोग. निमित्तकारण पाणी, आणि तवा ओला ठेवणारी व्यक्ती. लोखंड, प्राणवायू व पाणी या तिहींविषयी आधुनिक रसायनशास्त्र आणि प्राचीन न्याय यांचे पूर्ण ऐकमत्य आहे. तिघांपैकी एक जरी वजा केला तरी गंज येत नाही. लोखंड वजा केल्यास भाकर राहत नाही, प्राणवायू वजा केल्यास भाकर करणारी राहत नाही. म्हणून व्यवहारात केवळ पाणीच वजा करता येते. या शास्त्राचा सर्व भार त्या एका वजाबाकीवर आहे.

चौथ्या कारणाविषयी, म्हणजे व्यक्तीविषयी, तीन मते आहेत. स्नुषाकर्तृत्ववादानुसार तवा सुनेने ओला ठेवला. श्वश्रूकर्तृत्ववादानुसार तो सासूने ठेवला, परंतु ते उच्चारता येत नाही. तिसरे मत अपौरुषेयवाद. यानुसार ओला तवा कोणीही ठेवलेला नसून तो तसाच आहे. ‘कोनं ठिवला हा वला तवा?’ या प्रश्नानंतर घरात पसरणारे मौन हे या मताचे मुख्य प्रमाण मानले जाते. तिन्ही मते खंडनास अत्यंत कठीण असल्याने लेखक पुढील विषयाकडे वळतो.

गंज लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तो धातूला चिकटून बसत नाही. फुगतो, त्याचे पोपडे सुटतात, आणि खालचे ताजे लोखंड पुन्हा हवेस उघडे पडते. ॲल्युमिनियमचा मल याच्या उलट शीलवान असतो : एकदा बसला की पुढच्या मलास अडवून धरतो. गंजास हा संयम नाही. दिल्लीचा लोहस्तंभ गुप्तकाळापासून सुमारे १६०० वर्षे उघड्यावर उभा आहे आणि फारसा गंजला नाही. त्यातील फॉस्फरसच्या अधिक प्रमाणामुळे पृष्ठभागी संरक्षक पापुद्रा तयार झाला, असे धातुशास्त्रज्ञ सांगतात. हे खरे आहे. परंतु या १६०० वर्षांत त्या स्तंभावर एकदाही अंबाडीची भाजी शिजवली गेलेली नाही, ही बाब पुरेशी विचारात घेतली जात नाही.

देशविचार

घाटाखालच्या गंजाचे मूळ पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात विहिरींचे व बोअरचे पाणी खारे लागते. खाऱ्या पाण्यात विद्युत्भार सहज वाहतो, आणि त्यातील क्लोराइड लोखंडाचा उरलासुरला रक्षक थरही भेदते. तवा धुऊन तसाच ठेवला की पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात आणि पुढे हवेतला ओलावा स्वतःहून ओढून घेतात. म्हणजे घाटाखाली वाळलेला तवाही पूर्णार्थाने वाळलेला नसतो. या गंजास आम्ही राजस संज्ञा देतो. तो त्वरित, तेजस्वी आणि नारिंगी असतो.

घाटावरचा गंज सात्त्विक. येथे पावसाळी धुके व गारवा आहे, क्षार कमी आहेत. तो हळूहळू येतो, कडेकडेने येतो, आणि दृष्टीस पडेपर्यंत श्रावण संपत आलेला असतो.

लोणारचे मंडल मात्र सर्वस्वी स्वतंत्र धरावे लागेल. बेसॉल्ट खडकात उल्कापाताने झालेल्या या विवरातील सरोवराचा सामू १० च्या आसपास आहे. ‘आईन-ए-अकबरी’त या परिसरात काच आणि साबण यांस लागणारी द्रव्ये मिळत असल्याचा उल्लेख आहे, १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केली. तव्याचा उल्लेख दोघांनीही केलेला नाही. तीव्र अल्कधर्मी पाण्यात लोखंड सहसा मंद गतीने गंजते, यावरून लोणारचे पाणी तव्यास हितकर, असा पूर्वपक्ष संभवतो. त्याचे उत्तर : त्या पाण्यात सोड्याबरोबर मीठही विपुल आहे, आणि सोडा तव्यावरचा मुरलेला तैललेप साबणात रूपांतरित करून उतरवतो. शिवाय हे सरोवर अभयारण्यात असून २०२० पासून रामसर स्थळ आहे. तेथे तवा घेऊन उतरणे कोणत्याही संप्रदायास अनुमत नाही. जून २०२० मध्ये या सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा तो रंग गंजाचा असावा असा तर्क या शास्त्रास अत्यंत उपकारक ठरला असता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तो क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांचा असल्याचे दाखवून दिले. शास्त्रनिष्ठा म्हणून हा निष्कर्ष आम्ही स्वीकारतो.

गंजभेद

वयानुसार गंज तीन प्रकारचा.

बालगंज नारिंगी, भुकटीसारखा, बोटाला लागतो. एका रात्रीचा. याला गंज म्हणणे हीच अतिशयोक्ती, असे उदारमतवादी मानतात.

प्रौढगंज तपकिरी, खरखरीत, बोटाने निघत नाही. पण घासणीचा धाक मानतो.

जरठगंज खवल्यांचा, थरांचा, खाली खड्डे पाडणारा. माळ्यावर, धान्याच्या कोठीमागे, अथवा ‘कधीतरी लागेल’ या नावाच्या पोत्यात आढळतो.

येथे एका गंभीर मतभेदाची नोंद करणे प्राप्त आहे. आयुर्वेदात लोहमलास मंडूर म्हणतात, आणि पांडुरोगावर त्याचे भस्म दिले जाते. शंभर वर्षांचे मंडूर उत्तम, ऐंशी वर्षांचे मध्यम, साठ वर्षांचे अधम, अशी त्याची प्रतवारी आहे. म्हणजे वैद्याच्या दृष्टीने मल जितका जुना तितका श्रेष्ठ; सुगरणीच्या दृष्टीने जितका जुना तितका त्याज्य. पणजीचा साठ वर्षे माळ्यावर पडलेला तवा स्वयंपाकघरात अधमाधम ठरतो, आणि वैद्यकातही तो अधमच. त्यास उत्तम पद प्राप्त होण्यास आणखी चाळीस वर्षे वाट पाहावी लागेल, आणि तोपर्यंत भाकरी कशावर करावयाच्या, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. मंडुराचे औषध होण्यापूर्वी त्याचे गोमूत्रात शोधन व पुढे मारण होते. यास्तव रक्तवृद्धीच्या आशेने गंजका तवा चाटण्याचे कोणतेही समर्थन या शास्त्रात सापडणार नाही. धनुर्वाताची भीतीही तितकीच अस्थानी. तो जंतू मातीत राहतो, गंजात उपजत नाही.

निमित्तानुसारही भेद करता येतात, त्यांतील तीन पुरेत. पहिला मोरीगंज : रात्री तवा मोरीत पाण्यात ‘भिजत’ ठेवल्याने. दुसरा वारीगंज : आषाढीसाठी गजानन महाराजांची पालखी शेगावहून पंढरपूरला पायी निघते, आणि तिच्याबरोबर निघालेल्यांच्या कुलूपबंद घरातला तवा महिनाभराहून अधिक काळ, तोही पावसाळ्याच्या तोंडावर, एकटा राहतो. हा गंज पुण्यकारक असल्याने त्याविषयी घरात कोणीही तक्रार करीत नाही. तिसरा नागपंचमीगंज, आणि तो सर्वांत सूक्ष्म. त्या दिवशी चुलीवर तवा ठेवत नाहीत. चिरणे, तळणेही वर्ज्य. वर्षभर रोज तापणारा तवा श्रावणातल्या नेमक्या दमट दिवशी निवांत पडतो. आदल्या रात्री तो धुऊन कसा ठेवला, यावर दुसऱ्या दिवशीचे सर्व अवलंबून असते. दिंड खाऊन तृप्त झालेल्यांचे लक्ष तिकडे जात नाही.

वर्षातून एकदाच निघणाऱ्या सार्वजनिक महाकढयांचा गंज हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. हिवरा आश्रमासारख्या ठिकाणी पुरी आणि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद ज्या प्रमाणावर होतो, ते पाहता तेथील भांड्यांविषयी बोलण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकास नाही.

चिकित्सा

गंजनिवारणाचे चार संप्रदाय प्रचलित आहेत.

घर्षणवादी सर्वांत प्राचीन. राख, विटेचा भुगा, नारळाची शेंडी, अलीकडे तारेची घासणी व पॉलिश पेपर. बालगंज व प्रौढगंज यांवर हा मार्ग निःसंशय पुरेसा आहे. जाडे मीठ आणि थोडे तेल घेऊन घासणारी एक उपशाखा आहे. खारपाणपट्ट्यात ज्या क्षाराने गंज आणला त्याच क्षाराने तो घालवावा, यात तिच्या अनुयायांना विशेष समाधान वाटते. घासून झाल्यावर मीठ पूर्ण धुतले पाहिजे, हे मात्र ते विसरतात.

अम्लवादी चिंचेचा कोळ, लिंबू किंवा व्हिनेगर वापरतात. आंबट द्रव्य गंज विरघळवते. गंज संपल्यावर ते थांबत नाही, लोखंडच विरघळवू लागते. म्हणून जरठगंजाचा तवा चिंचेच्या पाण्यात रात्रभर बुडवून निश्चिंत झोपणे हा प्रमाद होय. अर्ध्या तासाने पाहावे, घासावे, गरज भासल्यास पुन्हा बुडवावे. याच न्यायाने लोखंडी कढईत अंबाडीची भाजी शिजवली असता ती काळी पडते, आणि कढईचा मुरलेला थर भाजीबरोबर ताटात येतो. त्या भाजीत लोहाचे प्रमाण वाढते, हे खरे. कढईचे प्रमाण घटते, हेही खरे.

विद्युत्वादी संप्रदाय नवा असून त्यात पुरुषांचा भरणा आहे. धुण्याच्या सोड्याचे पाणी टबात घ्यावे. बारा व्होल्टच्या बॅटरी चार्जरची ऋण तार तव्यास, धन तार साध्या लोखंडाच्या निरुपयोगी तुकड्यास जोडावी. गंज तव्यावरून सुटू लागतो. स्टीलचा चमचा धन बाजूस लावू नये, कारण त्यातील क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरते. हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून हे कर्म बंद खोलीत करू नये. पद्धत निर्दोष आहे. तथापि तिच्यानंतर टब, तारा व सोड्याचे पाणी दिवसेंदिवस अंगणात तसेच राहते, आणि बॅटरी ट्रॅक्टरची असल्यास वाद तव्यापुरता मर्यादित राहत नाही.

चौथा, प्रतीक्षावादी. गंज आपोआप जाईल असे मानणारा. अनुयायी असंख्य, ग्रंथसंपदा शून्य.

कोणताही मार्ग पत्करला तरी त्यानंतरचा क्षण निर्णायक. गंज निघालेले उघडे लोखंड धुताच काही मिनिटांत त्यावर फिकट नारिंगी झाक येते. हाच क्षणगंज. अम्लाने साफ केलेला तवा आधी सोड्याच्या वा राखेच्या पाण्याने धुवावा, लगेच फडक्याने पुसावा, आणि विलंब न लावता विस्तवावर चढवावा. ‘तव्याले पुसून ठिव वो बाई’ हे जे वाक्य या जिल्ह्यातील चुलीजवळ ऐकू येते, त्यात या संपूर्ण प्रकरणाचा सिद्धांत सूत्ररूपाने आलेला आहे. भाष्यकाराची गरज केवळ न पुसणाऱ्यांसाठी आहे.

तैलसंस्कार

तवा मुरणे म्हणजे काय? तापलेल्या लोखंडावर तेलाचा अतिपातळ थर उष्णता व हवा यांच्या योगाने घट्ट होऊन धातूस बिलगतो. मग ते तेल राहत नाही. कोणत्या तेलात ही पात्रता किती, हे त्याच्या आयोडीन अंकावरून कळते. जवसाचा अंक १७० च्या पुढे, करडईचा १४० च्या आसपास, सरकीचा १०० ते ११५, शेंगदाण्याचा १०० च्या आत, खोबऱ्याचा जेमतेम १०. म्हणजे कोकणातील बंधूंच्या हाताशी तव्यासाठी जे तेल आहे ते सर्वांत अपात्र, आणि वऱ्हाडात जे पिकते ते सर्वांत पात्र. याविषयी अभिमान बाळगण्यास हरकत नाही.

परंतु पात्रतेतही तारतम्य आहे. जवसाचा थर सर्वांत कठीण होतो, आणि म्हणूनच ठिसूळ. काही महिन्यांनी त्याच्या चकत्या सुटतात. करडई मध्यममार्गी. सरकी संथ, पण कापसाच्या मुलखात तिचा अनादर करणे उचित नव्हे. जवसपंथी व करडईपंथी यांच्यातील वादात लेखकाचा कौल करडईस आहे. जवसाची चटणीच बरी.

विधी असा. तवा चांगला तापवावा, किंचित निवू द्यावा, तेलाचे बोट फिरवावे, आणि मग ते तेल चुकून लागले असावे अशा रीतीने पुसून टाकावे. येथेच बहुसंख्य साधक पतन पावतात. त्यांस अधिक तेल म्हणजे अधिक संस्कार वाटतो. फलस्वरूप तवा चिकट होतो आणि त्यास धूळ, मुंग्या व फडक्याचे धागे लागतात. पुसलेला तवा धूर येईपर्यंत तापवावा. हे चार-पाच वेळा. धिरड्याच्या तव्यास यानंतरही तेलात बुडवलेली कांद्याची फोड फिरवीत जावे; पहिले धिरडे बिघडणे हे शास्त्रसंमत असून त्याचा दोष कोणास देऊ नये. भाकरीच्या तव्यास मात्र तेलाचा सोस नाही. भाकरीवर पाणी फिरवतात, ते तव्यावर उतरते, आणि रोजची धग ते उडवते. म्हणून रोज तापणारा भाकरीचा तवा क्वचितच गंजतो. गंजतो तो सणावारीच निघणारा.

मुरलेल्या तव्यास साबण लावावा की नाही, हा वाद आता मिटण्यास हरकत नसावी. जुना, तीव्र क्षाराचा साबण थर उतरवीत असे. आजचे सौम्य भांडी घासण्याचे साबण तसे करीत नाहीत. तवा बिघडतो तो साबणाने नव्हे, साबणानंतर ओला ठेवल्याने.

निक्षेप व तळविचार

ठेवण्याविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नाही. खुंटीवर टांगावा, भिंतीस टेकवू नये. एकावर एक ठेवताना मध्ये कागद घालावा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा कारण नसतानाही तापवावा.

राहिला तळाचा प्रश्न. तळशुद्धिवाद्यांच्या मते तव्याची खालची बाजूही वरच्यासारखी निष्कलंक असली पाहिजे. काजळीरक्षकांच्या मते काजळी हे त्याचे कवच आहे आणि तिला हात लावणे हा वारशाचा अपमान. दोन्ही पक्षांचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतल्यावर निर्णय असा : पातळ काजळी राहू द्यावी. थर जाड होऊन धग वर पोचेनाशी झाली, किंवा पोपडे सुटून गॅसच्या बर्नरमध्ये पडू लागले, तर उलथण्याच्या कडेने खरवडावा, तेलाचे बोट फिरवावे आणि तापवावा. आणि असा जड, काळा, गंजका तवा किलोच्या भावाने मागणारा भंगारवाला दारात आला, तर बुलढाणा जिल्ह्यातील वाचकांनी त्यास रद्दी द्यावी, डबे द्यावेत, तवा देऊ नये.